धडामरावांचं क्षेपणास्त्र

धडामराव हे नाव त्यांना आईवडिलांनी दिलेलं नव्हतं. आईवडिलांनी दिलेलं नाव चांगलं भारदस्त होतं, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. धंदा पाडकामाचा. बंद पडलेल्या गिरण्या, वाकलेल्या चिमण्या, मालकांच्या भांडणात ओस पडलेली हॉटेलं, असल्या नकोशा झालेल्या इमारती सुरुंग लावून जमीनदोस्त करायच्या. आठवडेच्या आठवडे खांबांना भोकं पाडायची, तारा ओढायच्या, आणि मग एका सकाळी बटण दाबून मोकळं व्हायचं. असलं काम जन्मभर केलेला माणूस घरी येऊन हळू आवाजात बोलेल, ही अपेक्षाच चुकीची.

त्यात थापा. या बाबतीत त्यांचा हात कुणी धरला नसता. एकदा त्यांनी एक चिमणी इतकी अलगद आडवी केली की शेजारच्या घरातल्या टेबलावरचा पाण्याचा पेला सांडला नाही. ही मूळ हकीकत, आणि ती बहुधा खरी असावी. पण पुढच्या वेळी पेल्यात दूध आलं, त्याच्या पुढच्या वेळी टेबलाजवळ पाळणा आला, आणि शेवटी त्या पाळण्यातलं बाळ झोपेत हसलंसुद्धा. ऐकणारे माना डोलवायचे आणि त्यांची पाठ वळली की एकमेकांना डोळे मारायचे. धडामरावांना ते ठाऊक होतं. लोकांना गंमत वाटते ना, मग झालं, असा त्यांचा हिशेब होता.

ते राहायचे चौथ्या मजल्यावर, बायकोबरोबर. दुसऱ्या मजल्यावर त्यांची थोरली बहीण, ताई. तिचा नवरा केव्हाच गेलेला, आणि एकुलता एक मुलगा परदेशात वातानुकूलन यंत्रं दुरुस्त करायच्या कामावर. तळमजल्यावर चष्म्यांचं दुकान. चष्मेवाल्याने गिऱ्हाइकांना बसल्याबसल्या करमावं म्हणून भिंतीएवढा टीव्ही लावला होता, आणि भाचा ज्या देशात होता त्या देशावर शेजारच्या देशाने हल्ला केला त्या दिवसापासून त्या दुकानात चष्मा सोडून बाकी सगळं मिळू लागलं.

युद्ध दूर होतं, समुद्रापलीकडे. पण चष्मेवाल्याच्या दुकानात ते अगदी काउंटरवर आलं होतं. हल्लीचं क्षेपणास्त्र मोबाइलचा आवाज ऐकून येतं, असं कुणीतरी सांगितलं, आणि इमारतीतल्या निम्म्या बायकांनी फोन कुकरमध्ये ठेवून वर झाकण लावलं. उपग्रहाला छपरातून आरपार दिसतं, पण ओल्या चादरीतून दिसत नाही, असंही निघालं. मग गच्चीवर ओल्या चादरी आल्या. ज्या बाईंचा फोन कुकरमध्ये होता त्यांना "चादर काढा, पाणी गळतंय" हे सांगायला खालच्या मजल्यावरच्यांना जिना चढून जावं लागे, कारण फोन अर्थातच लागत नव्हता.

जिनाच, कारण लिफ्ट बंद होती. ती दुरुस्त करायला आलेल्या माणसाच्या हातात मोठी पिशवी होती, पिशवीत तारा होत्या, आणि तो कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हता. म्हणजे बिचारा लिफ्टच्या आकड्यांकडे बघत होता. पण अतिरेकी ओळखण्याची लक्षणं आदल्याच दिवशी सगळ्यांच्या फोनवर आली होती, त्यामुळे त्याला फाटकातूनच हाकलून देण्यात आलं. सर्वांत वरच्या मजल्यावर राहणारी चष्मेवाल्याची सासू त्या दिवसापासून खाली उतरली नव्हती. याबद्दल चष्मेवाला फारसा कष्टी दिसत नव्हता.

ती लक्षणं धडामरावांच्या बायकोने दुकानात मोठ्याने वाचून दाखवली. अंधार असतानाच घर सोडतो. कपड्यांना जळका वास येतो. तारा, बॅटऱ्या जवळ बाळगतो. मोठ्या इमारतींकडे टक लावून बघत उभा राहतो.

"अहो," ती म्हणाली, "हे तर तुम्हीच."

दुकानात क्षणभर सगळे धडामरावांकडे जरा निराळ्याच नजरेने बघू लागले. चष्मेवाल्याने घाईघाईने शेवटची ओळ वाचली. "नाही, नाही. 'स्वभावाने अबोल असतो.' सुटलात, धडामराव." सगळे हसले. धडामरावही हसले. लिफ्टवाला मात्र सुटला नव्हता, आणि घाबरलेल्या माणसांना आपल्या मूर्खपणाची शिक्षा नेहमी दुसऱ्याच कुणाला तरी झालेली चालते, याची मला भारी चीड आहे.

ताई या गमतीत नव्हती. तिने फोन कुकरमध्ये ठेवला नव्हता. तो तिच्या मुठीत असायचा, आणि दोन दिवस झाले तरी त्यावर मुलाचा काही निरोप आला नव्हता.

अशात ती फिल्म आली. एक भलीमोठी इमारत. खालून धुराचे फुत्कार सुटतात, इमारत गुडघ्यात मोडावी तशी खाली बसते आणि धुळीचा ढग सगळं गिळून टाकतो. खाली लिहिलेलं : परदेशी कामगारांच्या वसतिगृहावर क्षेपणास्त्र. शहर तेच, भाच्याचं. वसतिगृहही तसलंच, ज्यात तो राहायचा.

धडामरावांनी ती चष्मेवाल्याच्या टीव्हीवर पाहिली, आणि त्यांच्या पोटात गोळा यायच्या ऐवजी छाती फुगली. कारण इमारत त्यांनी ओळखली. का नाही ओळखणार? पाडली कुणी होती? गेल्या वर्षी नदीकाठचं ते जुनं हॉटेल, त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यांत सफाईदार काम. शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी फोनवर टिपलेलं दिसत होतं.

"अरे, हे माझं आहे!" ते ओरडले. "कसलं क्षेपणास्त्र? क्षेपणास्त्राची काय बिशाद! अशी सरळ बसवून दाखव म्हणावं एक तरी!"

कुणी वळूनही पाहिलं नाही. टीव्हीवरचे युद्धतज्ज्ञ समजावून सांगत होते की हल्ला इतका अचानक झाला की एकही माणूस बाहेर पळताना दिसत नाही. धडामरावांचा पारा चढला. "नाही दिसत, कारण आत कुणी नव्हतंच! मी स्वतः खोली न् खोली फिरलोय!"

"धडामराव," चष्मेवाला शांतपणे म्हणाला, "तुम्ही पाडलेलं हॉटेल अठरा मजली होतं. तुम्हीच सांगितलंय. हे नऊ मजली आहे. मी मोजले."

आता यावर काय बोलणार? हॉटेल नऊ मजलीच होतं. वरचे नऊ मजले धडामरावांनी नंतर, याच दुकानात बसून, चढवले होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना आपल्याच मजल्यांवरून उतरायची पाळी आली होती, आणि तिथेही लिफ्ट नव्हती. ते काही तरी पुटपुटले आणि बाहेर पडले. मग दुसऱ्या मजल्यावरून जाताना त्यांना ताईचं दार उघडं दिसलं.

ताई जमिनीवर बसली होती. फोन मांडीवर. ती तीच फिल्म पुन्हापुन्हा लावत होती. शेजारी झाकलेलं ताट तसंच होतं. तिने वर पाहिलं तेव्हा धडामरावांच्या लक्षात आलं की आपण मघापासून आपल्या कामाचा अपमान झाला म्हणून चिडलो होतो, आणि इथे ही बाई आपलं पोर त्या ढिगाखाली शोधत होती. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"ताई, ते खोटं आहे. ती मी पाडलेली इमारत आहे. नदीकाठची."

"हो," ती म्हणाली.

"हो काय? खरंच सांगतोय."

"बाबा दवाखान्यात होते तेव्हाही तू खरंच सांगत होतास. सोमवारी घरी सोडणार म्हणालास. डॉक्टर तसं काही बोललेच नव्हते." तिचा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्तच लागत होतं. "मला बरं वाटावं म्हणून तू काहीही बोलतोस. लहानपणापासून. तुझा जीव आहे माझ्यावर, कळतं मला. पण आज नको."

धडामरावांनी कामाचे कागद आणतो म्हटलं. कागदावर इमारत पाडली एवढंच लिहिलेलं असेल, हीच ती कशावरून, असं ती म्हणाली, आणि ते बरोबरच होतं. ते हताश होऊन तिच्याशेजारी बसले. फोनवर टीव्हीची ताजी बातमी आली, तिच्यात इमारत पुन्हा बसू लागली, आणि या खेपेला टीव्हीवाल्यांनी तिच्या गच्चीवरच्या एका फडफडत्या वस्तूभोवती लाल गोल काढलेला होता. तज्ज्ञ सांगत होते की ही अतिरेक्यांनी आतून लावलेली खूण आहे, क्षेपणास्त्राला रस्ता दाखवण्यासाठी.

धडामराव पुढे वाकले. तो त्यांच्या स्वयंपाकघरातला पडदा होता.

झालं होतं असं. पाडकामाच्या आधी वारा कुठे वाहतोय हे बघायला गच्चीवर एक पातळ कापड बांधतात, म्हणजे धूळ कुणाच्या घरात जाणार ते कळतं. त्या दिवशी नेहमीचं कापड घरी राहिलं. गाडीत मात्र बायकोने धुलाईला टाकायला दिलेले पडदे होते. पिवळ्या रंगाचे, तपकिरी ठिपक्यांचे, तिने स्वतः शिवलेले, आणि कडेला तिने हौसेने लावलेली हिरवी झालर. त्यातला एक त्यांनी वर बांधला. काढायचा राहिला. पुढचं सांगायला नको.

सांगायला हवं होतं ते त्यांनी सांगितलंच नाही, ही खरी गोष्ट. एकच पडदा परत आला तेव्हा बायकोने घर पालथं घातलं. मग तिला आठवलं की ताईने त्या पडद्यांचं फार कौतुक केलं होतं. इतकं कौतुक कशाला करेल कुणी उगाच? आठवड्याभरात संशयाची खात्री झाली, खात्रीचा अबोला झाला. वर्ष उलटलं तरी दोघी जिन्यात समोरासमोर आल्या की एक भिंतीकडे बघायची आणि दुसरी कठड्याकडे. धडामरावांनी या सगळ्यात एक चकार शब्द काढला नव्हता. खोटं असं ते काही बोलले नव्हतेच. फक्त पसरू दिलं.

ते उठले आणि चौथ्या मजल्यावर गेले. बायको भांडी पुसत होती. खिडकीत एकुलता एक पिवळा पडदा लटकत होता.

"तो दुसरा पडदा," धडामराव म्हणाले, "हॉटेलबरोबर गेला."

"कुठल्या हॉटेलबरोबर?"

त्यांनी सांगितलं. अठरा नव्हे, नऊ मजल्यांच्या, हेही सांगितलं. बायकोने हातातलं पातेलं खाली ठेवलं, अगदी हळू, आणि तेच जास्त भयंकर होतं.

"वर्षभर," ती म्हणाली. "वर्षभर मी त्या बाईशी बोलले नाही. तिला ताप होता तेव्हा मी वर बसून राहिले. आणि तुम्ही रोज समोर बसून जेवत होतात!"

"तुझं भांडण मला नंतर मान्य आहे. सगळं. आधी खाली चल. ती फिल्म खरी समजून बसलीय, माझ्यावर विश्वास ठेवत नाही."

"ठेवेल कोण?" असं म्हणत बायकोने स्टुलावर चढून उरलेला पडदा दांडीसकट उतरवला आणि त्यांच्या आधी जिना उतरू लागली. वर्षभरानंतर ती ताईच्या उंबऱ्यात उभी राहिली. मग ती एकदम खाली बसली आणि पडदा ताईच्या मांडीवर पसरला.

"ताई, हा बघा. आणि तो बघा. थांबवा फिल्म. ही झालर दिसतेय का? हिरवी? मला पिवळं कापड कमी पडलं होतं म्हणून मी हिरवी लावली. अशी झालर जगात कुठे मिळत नाही. या माणसाने माझा पडदा चोरला आणि मी तुमच्यावर संशय घेतला. मला माफ करा."

ताईने फोन डोळ्यांजवळ नेला. मग पडदा. मग परत फोन. बराच वेळ ती त्या झालरीवरून बोट फिरवत राहिली.

"तुझीच आहे," ती म्हणाली. "शिलाई अशी वाकडी दुसऱ्या कुणाची नाही."

त्यावर दोघी हसल्या, मग रडल्या, आणि मग दोघींनी मिळून मोर्चा धडामरावांकडे वळवला. नणंद-भावजय एक झाल्यावर कुठल्या पुरुषाची धडगत राहिलीय? त्यांच्या लहानपणापासूनच्या सगळ्या थापा बाहेर निघाल्या. धडामराव मान खाली घालून ऐकत होते, आणि खरं सांगायचं तर त्यांना फार बरं वाटत होतं. बहीण सुटली होती. पुराव्यासकट सुटली होती. आता जेवेल.

ताईने डोळे पुसले. "म्हणजे ती इमारत तिथली नाही," ती सावकाश म्हणाली.

"नाहीच मुळी!"

"मग तो कुठे आहे?"

धडामरावांनी तोंड उघडलं. एरवी त्यांच्याकडे उत्तर तयार असायचं. सुखरूप आहे, माझा एक ओळखीचा तिथे असतो, कालच बोललो, असं काहीही. फिल्म खोटी निघाली तरी युद्ध खरंच होतं, आणि पोराचा पत्ता अजून नव्हताच, हे त्यांना आत्ता कुठे उमगलं.

"मला माहीत नाही, ताई," ते म्हणाले.

ताईने त्यांच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली, झाकलेलं ताट ओढलं आणि दोन घास खाल्ले.

दुपार कलल्यावर फोन वाजला. अनोळखी नंबर.

"आई, मी बरा आहे. आमच्या काचा फुटल्यात, बाकी काही नाही. फोनच लागत नव्हते. हा दवाखान्यातला फोन आहे, मागे रांग लागलीय. रडू नको ना, आई. हो, जेवलो. आई, मामा आहे का तिथे? दे लवकर."

ताईने पदराने तोंड दाबून फोन पुढे केला. तिच्या खांद्याला बायकोने धरलं होतं.

"मामा, आमच्या मागच्या गल्लीत बेकरी आहे. तिच्यावर पडलं काहीतरी. छप्पर गेलंय, अर्धी भिंत उभी आहे, झुकलेली. आत बेकरीवाल्याची आई अडकलीय. आवाज येतोय तिचा. यंत्रं कधी येतील सांगता येत नाही म्हणतात. आम्ही हातानेच विटा काढतोय, पण भिंत हलते. कुठून काढायच्या, मामा?"

धडामराव उठून उभे राहिले. 'मी एकदा' अशी सुरुवात त्यांनी केली नाही.

"भिंत कुणीकडे झुकलीय? ढिगाकडे? मग थांबवा सगळ्यांना. आधी टेकू. दारं, वासे, पलंग, जे मिळेल ते लावा, आणि लावताना तिच्याखाली कुणी रेंगाळायचं नाही. टेकू लागला की वरून सुरुवात. वरून, एकेक वीट, हाताने. खालची वीट ओढायची नाही, कितीही सुटी दिसली तरी नाही. ढिगावर गर्दी करू नका, तुमचं वजन म्हातारीच्या अंगावर जाईल. दोघं वर, बाकीच्यांनी विटा हातोहात लांब द्यायच्या. आणि मधूनमधून सगळ्यांना गप्प करा. ऐका. ती बोलतेय तोवर तिच्याशी बोलत राहा..."

फोन केव्हाच बंद पडला होता. धडामराव तो तसाच कानाला लावून उभे होते.

"ऐकलं असेल ना रे त्याने सगळं?" ताईने विचारलं.

"टेकूपर्यंतचं ऐकलं. हूं म्हणाला. पुढचं माहीत नाही."

त्या दिवशी धडामराव जेवले नाहीत. ज्या कामात आपण जन्मभर मिरवलो ते काम उलटं, वीट वीट करून, हळू करायची वेळ आली तर किती अवघड असतं, याचाच ते विचार करत राहिले. आपल्याला तिथे उभं राहता आलं असतं तर, असं त्यांना सारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ताईच्या फोनवर निरोप आला. "मामाला सांग, वरूनच काढल्या. आजी निघाली. पाय मोडलाय, पण बोलतेय. बेकरीवाला नाही वाचला."

ताईने तो वाचून दाखवला तेव्हा धडामराव भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, आणि दोघींनी त्यांना तसंच राहू दिलं.

संध्याकाळी ते खाली उतरले. दुकानात गर्दी होती. टीव्हीवर ती फिल्म अजून चालूच होती, आता म्हणे ती तिसऱ्याच देशातली होती. धडामरावांनी चष्मेवाल्याला बेकरीची हकीकत सांगितली. पहिल्यांदाच त्यांच्या एका गोष्टीत सगळं जसंच्या तसं होतं. एकही मजला वाढवलेला नव्हता, म्हातारी झोपेत हसली नव्हती, आणि बेकरीवाला मेला तोही मेलेलाच होता. बोलून झाल्यावर दुकानात कुणीतरी कुणाला तरी डोळा मारला.

"छान," चष्मेवाला म्हणाला. "पण व्हिडिओ आहे का?"

"नाही," धडामराव म्हणाले. "सगळ्यांचे हात विटांत गुंतले होते."